पाटाकडेची ब्राह्मी : ओळख, उपयोग आणि थोडी सावधगिरी



लागणीचे बेणे, खोडव्याचे खत, पाण्याच्या पाळ्या हे विषय या पानांत नेहमीच येतात. या खेपेस जरा वेगळा विषय घेतला आहे. पण तो आहे आपल्या बांधावरचाच. कोणत्याही गावी जा आणि दहा जणांना सांगा, "जरा ब्राह्मी आणून दाखवा." पाच जण गोल पानांची वेल घेऊन येतील आणि पाच जण बारीक, जाड पानांची. दोघेही म्हणणार, आमचीच खरी. बायकांत तर यावरून चांगलीच जुंपते. एकीची सासू गोल पानांचे तेल काढणारी, दुसरीची आई जाड पानांचे. गंमत अशी की दोघींचेही बरोबर आहे. ब्राह्मी या एका नावाने दोन वनस्पती ओळखल्या जातात, आणि दोन्हींचा वापर पिढ्यान् पिढ्या एकाच कामासाठी होत आला आहे : डोके शांत राहावे, झोप नीट लागावी, ध्यानात राहावे.

परंतु नाव एक असले तरी गुणदोष तंतोतंत एक नाहीत. त्यातून ही वनस्पती उगवते ती आपल्या पाटाच्या कडेला, सांडपाण्याच्या चारीत आणि तणनाशक मारलेल्या सरीच्या तोंडाशी. म्हणून ओळखीपासूनच सुरुवात केलेली बरी.

गोल पानांची जी आहे तिला ग्रंथांत मंडूकपर्णी म्हटले आहे. काही भागांत तिला कारिवणा म्हणतात. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. ही कोथिंबिरीच्या कुळातली. जमिनीला चिकटून सरपटत जाते आणि पेरापेराला मुळ्या सोडते. पेरातून लांब देठावर एकेक पान वर येते. पान रुपयाच्या नाण्याएवढे किंवा थोडे मोठे, गोलसर, देठ जिथे चिकटतो तिथे खोल खाच असलेले, आणि कडेला बोथट दाते. फुले इतकी बारीक की वाकून पाने बाजूला केल्याशिवाय दिसायची नाहीत.

दुसरी जाड पानांची. तिला नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतात. शास्त्रीय नाव बाकोपा मोनिएरी. दांडा मऊ आणि रसाळ. पाने समोरासमोर जोडीने येतात, त्यांना देठ जवळजवळ नसतोच. तळाशी निमुळते आणि टोकाला गोल, असे लहानशा चमच्यासारखे पान. फूल पांढरे किंवा अगदी फिक्कट जांभळे, पाच पाकळ्यांचे. पान चघळले की कडू लागते. हिला पाय सतत ओले लागतात. विहिरीच्या उपशाची चारी, ओढ्याची कड, झिरपणारा पाट, चिबड रान ही तिची आवडती ठिकाणे. थोडे मचूळ पाणीही ती सोसते. जिथे ऊस पिवळा पडतो तिथे ही बया हिरवीगार पसरलेली दिसते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

आता फसगत कुठे होते ते पाहा. गोल पानांच्या ब्राह्मीसारखी दिसणारी उंदीरकानी आपल्या काळ्या रानात पुष्कळ असते. तिचीही पाने गोलसर आणि सरपटणारी सवय तीच. पण तिला फूल येते पिवळे, आणि ते चांगले दिसण्याजोगे असते. दुसरी फसगत रोपवाटिकेत होते. चकचकीत गोल पानांची, देठ पानाच्या अगदी मध्यभागी छत्रीच्या दांड्यासारखा चिकटलेला, असे एक शोभेचे झाड ब्राह्मी म्हणून हातात दिले जाते. खऱ्या गोल ब्राह्मीचा देठ पानाच्या खाचेत चिकटतो, मध्यभागी नाही. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी पुरे. जाड पानांच्या ब्राह्मीची गल्लत घोळीच्या भाजीशी होते. घोळीचा दांडा लालसर, फूल पिवळे आणि चव आंबूस. ओल्या जागी जलपिंपळीही पसरते. तिच्या पानाच्या टोकाकडे दाते असतात आणि फुले एका बोंडावर गोळा झालेली. ओळख पटली नाही तर चव घेऊन बघण्याच्या फंदात कोणी पडू नये. जाणत्या वैद्याला किंवा कृषी महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या माणसाला फूल आलेली फांदी दाखवावी.

नावाचा हा घोळ काही आजचा नाही. चरकसंहितेत बुद्धीला हितकर म्हणून जी चार रसायने सांगितली आहेत त्यांत मंडूकपर्णीचा स्वरस आहे. बाकीची तीन म्हणजे ज्येष्ठमधाचे चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. त्याच ग्रंथात अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या प्रकरणात ब्राह्मीच्या रसात वेखंड, कोष्ठ आणि शंखपुष्पी घालून जुन्या तुपात सिद्ध केलेले घृत आहे. म्हणजे ग्रंथकारांनी दोन नावे वेगळी ठेवली होती. पुढे प्रांताप्रांतांत लोकांच्या तोंडी ती एकमेकांत मिसळली. केरळात ब्राह्मी म्हटले की जाड पानांची समजतात. आपल्याकडे आणि उत्तरेत पुष्कळ ठिकाणी गोल पानांचीच ब्राह्मी. सरकारी आयुर्वेदीय योगसंग्रहाने आता ब्राह्मी म्हणजे जाड पानांची आणि मंडूकपर्णी म्हणजे गोल पानांची असे ठरवून दिले आहे. औषध बनवणाऱ्यांसाठी हे ठीक झाले. घरात ज्याने त्याने आपल्या आजीच्या शब्दाने म्हणावे, फक्त आपण कोणती वापरतो ते माहीत असावे.

आता उपयोगाकडे येऊ. आपल्या घरांत ब्राह्मी सर्वांत जास्त जाते ती तेलात.

तेल काढण्याची जुनी रीत अशी : पाव किलो खोबरेल किंवा तिळाचे तेल असेल तर त्याला चौपट, म्हणजे सुमारे एक लिटर, ब्राह्मीचा रस आणि तेलाच्या चौथाईइतका, म्हणजे साठेक ग्रॅम, वाटलेला पाला. एवढा रस निघायचा तर पाटीभर पाला लागतो. म्हणून घरोघरी पाल्यात थोडे पाणी घालून वाटतात आणि फडक्याने पिळून घेतात, तेही चालते. जाड बुडाच्या भांड्यात सगळे एकत्र करून मंद आचेवर ठेवायचे आणि सारखे ढवळत राहायचे. घाई करायची नाही. आच मोठी केली की पाला करपतो आणि तेलाला जळकट वास लागतो.

तेल झाले हे कसे ओळखावे? गुऱ्हाळावर काम केलेल्यांना हे सांगायला नको. काहिलीतला रस गुळाला आला की नाही हे गुळव्या गार पाण्यात गोळी करून बघतो ना, तशीच इथेही परीक्षा आहे. तळाचा पाला चिमटीत घेऊन बोटांत वळावा. त्याची वात वळली पाहिजे, बोटाला चिकटता कामा नये. ती वात निखाऱ्यावर धरावी. तडतडली तर आत पाणी शिल्लक आहे, आणखी थोडा वेळ ठेवावे. निमूटपणे जळली तर तेल सिद्ध झाले. आणखी एक खूण वैद्य सांगतात : तेल होत आले की वर फेस येतो, तुपाचे उलट, तूप होत आले की फेस जातो. पाण्याचा अंश राहिलेले तेल महिन्याभरात खवट होते, आणि मग बायका म्हणतात यंदा ब्राह्मीच चांगली नव्हती. दोष ब्राह्मीचा नसतो, आचेचा असतो.

हे तेल रात्री डोक्याला चोळतात, तान्ह्या मुलाची टाळू हलक्या हाताने भरतात, काशाच्या वाटीने तळपायाला घासतात. यातला गुण ब्राह्मीचा किती आणि चोळणाऱ्या हाताचा किती हे वेगळे काढून दाखवणे अवघड आहे. आमचे मत विचाराल तर निम्मा गुण हाताचा आहे. दिवसभर तोडीच्या, भरणीच्या, ट्रॅक्टरवाल्याच्या मागे धावलेल्या माणसाच्या तळपायाला घरातल्या कोणी दहा मिनिटे वाटी घासली तर साध्या गोड्या तेलानेही डोळा लागतो. पण ब्राह्मीच्या निमित्ताने ती दहा मिनिटे मिळतात, हेही काही कमी नाही.

बाजारच्या थंड तेलांविषयी मात्र बजावून सांगितले पाहिजे. लाल, हिरव्या रंगाच्या बाटल्यांवर ब्राह्मीचे चित्र असते, आणि लावल्याबरोबर डोके गार पडते. तो गारवा ब्राह्मीचा नसून मेंथॉल आणि कापराचा असतो. बाटलीच्या मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा, म्हणजे कळेल ब्राह्मी किती आणि कापूर किती. मोठ्या माणसाने लावायला हरकत नाही. परंतु कापूर असलेले तेल तान्ह्याच्या टाळूला किंवा नाकाजवळ लावू नये आणि पोरांच्या हाती लागेल असे ठेवू नये. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. ज्या घरात फिट येणारे मूल आहे त्या घरात तर असली बाटली कुलपात हवी.

खाण्याकडे आपल्याकडे ब्राह्मीचा उपयोग कमी. आजूबाजूच्या प्रांतांत मात्र ती रोजच्या ताटात आहे. कर्नाटकात गोल पानांना ओंदेलग, म्हणजे एक-पान, असे नाव आहे, आणि तिची तंबुळी करतात. मूठभर पाने, ओले खोबरे, जिरे, चार मिरीदाणे वाटून ताकात कालवायचे, वरून फोडणी. उन्हाळ्यात भाताबरोबर हे फार छान लागते. बेळगावकडच्या सोयऱ्यांच्या घरी काहींनी ते खाल्लेही असेल. बंगाल्यांत गोल पानांना थानकुनी म्हणतात आणि पोट बिघडले की तिची पाने देतात. जाड पानांची ब्राह्मी ते वांग्याबरोबर परतून पहिल्या घासाला कडू म्हणून खातात. श्रीलंकेत गोटुकोळ नावाने गोल पाने बारीक चिरून, ओले खोबरे, कांदा, लिंबू घालून कोशिंबीर करतात, आणि सकाळी त्याच पानांची तांदळाची पेज पितात.

आपल्या घरी करायची तर चटणी सगळ्यांत सोपी. गोल पानांची एक मूठ तीन पाण्यांनी धुवावी. त्यात भाजलेले शेंगदाणे किंवा ओले खोबरे, एखादी हिरवी मिरची, जिरे, मीठ आणि चमचाभर घट्ट दही घालून वाटावे. भाकरीबरोबर खावी. कडवटपणा शेंगदाण्यात लपतो. जाड पानांची फार कडू, ती तुपात परतून घ्यावी लागते, आणि तीही थोडीच.

सरबत आणि सिरपबद्दल दोन शब्द. आम्ही साखर कारखान्याच्या पानांत लिहीत आहोत, तेव्हा साखर कमी खा असे सांगताना जीभ जरा अडखळते. तरीपण खरे ते लिहिलेच पाहिजे. ब्राह्मीचे तयार सरबत म्हणजे मुख्यतः साखरेचा पाक असतो. पाहुण्याला द्यायला उत्तम, पण मधुमेहाच्या माणसाने ते औषध म्हणून घेऊ नये.

आता मुद्द्याचा प्रश्न. ब्राह्मीने खरोखर डोके शांत होते का? लोकांचा अनुभव आहे, ग्रंथांचा आधार आहे; पण आजच्या पद्धतीने तपासून पाहिले तर काय निघते?

जाड पानांच्या ब्राह्मीवर पुष्कळ काम झाले आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यातल्या बॅकोसाइड नावाच्या द्रव्यांचा बराच अभ्यास केला. परदेशातही चाचण्या झाल्या. 2001 साली ऑस्ट्रेलियात 46 निरोगी माणसांवर एक चाचणी झाली. काहींना ब्राह्मीचा अर्क रोज 300 मिलिग्रॅम दिला, काहींना तशीच दिसणारी पण बिनऔषधाची गोळी, आणि कोणाला काय मिळते ते त्यांना कळू दिले नाही. बारा आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांचे शिकणे आणि ध्यानात ठेवणे थोडे सुधारलेले दिसले, धास्तीही कमी झालेली दिसली. 2002 सालच्या दुसऱ्या चाचणीत 76 जण होते. त्यात नवे शिकलेले विसरण्याचे प्रमाण कमी झाले, पण शिकण्याचा वेग वाढला नाही. 2008 साली अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 54 जणांना बारा आठवडे देऊन पाहिले, त्यांचीही आठवण आणि मनाची काळजी थोडी सुधारली. आणि यातली सर्वांत कामाची गोष्ट अशी की एकच डोस देऊन दोन तासांनी तपासले तेव्हा काहीच फरक दिसला नव्हता.

याचा अर्थ काय? ब्राह्मी सावकाश काम करणारी आहे, आणि जो फरक पडतो तो थोडा आहे. पोराची दहावीची परीक्षा सोमवारी आणि बापाने शनिवारी दोन-तीनशे रुपयांची बाटली आणली, तर ते पैसे पाण्यात. त्यापेक्षा पोराला रात्री दहाला झोपवा. रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजणाऱ्या आणि हंगामात रात्रपाळी करणाऱ्या बंधूंनाही हेच सांगणे. अपुऱ्या झोपेची भरपाई कोणत्याही पाल्याने होत नाही. रात्र गेली असेल तर दुपारी अंधाऱ्या खोलीत तीन तास पडावे, आणि संध्याकाळनंतर चहा बंद ठेवावा.

गोल पानांच्या ब्राह्मीवर असे काम कमी आहे. 2000 साली 40 निरोगी माणसांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो. ते दचकणे या पाल्याच्या एका मात्रेने कमी झालेले दिसले. परंतु ती मात्रा 12 ग्रॅमची होती, म्हणजे चटणीतल्या चार पानांपेक्षा फारच मोठी. जखमा भरण्यासाठी मात्र हिच्या अर्काची मलमे देशोदेशी वापरली जातात, आणि तिथे तिचे नाव चांगले आहे.

अपायही लिहायला हवेत. जाड पानांच्या ब्राह्मीने काहींना मळमळ होते, पोटात कळा येतात, शौचाला वारंवार जावे लागते. उपाशीपोटी घेतली तर जास्तच. गोल पानांचे औषध वीस दिवस ते दोन महिने घेतल्यावर तीन स्त्रियांना कावीळ झाल्याचे आणि ते थांबवल्यावर त्या बऱ्या झाल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा गरोदर बायकांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी, थायरॉइडची, झोपेची किंवा हृदयाची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ब्राह्मीचे चूर्ण, गोळ्या किंवा काढा घेऊ नये. डोक्याला तेल लावायला आणि आठवड्यातून एखादे वेळी चटणी खायला आमची हरकत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. फेफरे, आकडी, मिरगी, फिट, काहीही म्हणा. ब्राह्मी घृताचे नाव या दुखण्याशी जुने जोडलेले आहे हे वर आलेच. त्यामुळे गावोगाव असे होते की पोराला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर्षभर फिट आली नाही. मग कोणी पाहुणा सांगतो, "अहो, त्या गोळ्या डोक्याला जड पडतात, बंद करा, ब्राह्मी द्या." घरच्यांनाही ते पटते, कारण गोळ्यांचा खर्च आणि लोकांत होणारी कुजबुज दोन्ही नको झालेली असते. गोळ्या एकदम बंद होतात. आणि आठ-पंधरा दिवसांत पोराला एकामागून एक फिट येऊ लागतात, मध्ये शुद्धच येत नाही. फिटीच्या गोळ्या एकाएकी तोडल्या की असे होऊ शकते, आणि यात जीव जातो. ब्राह्मीने हे केले नाही. गोळ्या तोडल्याने झाले. परंतु ब्राह्मी ते थांबवूही शकली नाही.

आपल्या भागात हा धोका दुप्पट आहे, कारण आपले सारे जिणे पाण्याच्या, यंत्राच्या आणि आगीच्या काठावर आहे. बिनकठड्याची विहीर, भरून वाहणारा कालवा, चालू ट्रॅक्टर, गुऱ्हाळाची काहील, टोळीच्या कोपीपुढची चूल. घरी अंथरुणावर आलेली फिट आणि विहिरीच्या कडेला मोटार चालू करताना आलेली फिट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे : ज्याला वैद्यांचे घृत घ्यायचे आहे त्याने घ्यावे, पण डॉक्टरांना सांगून आणि गोळी चालू ठेवून. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील, आणि तेही हळूहळू, काही महिन्यांत. जिल्हा रुग्णालयात या गोळ्यांसाठी विचारणा करावी, खर्चाचा भार हलका होतो.

आणि कोणाला समोर फिट आलीच तर? चप्पल हुंगवू नका, कांदा फोडून नाकाला लावू नका, दातांत चमचा घालू नका, तोंडात पाणी ओतू नका. आजूबाजूचे कोयते, दगड, चूल दूर करा. डोक्याखाली टॉवेल ठेवा आणि झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. घड्याळ पाहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट पाला तोडण्याच्या जागेची. जाड पानांची ब्राह्मी पाण्यातले आणि चिखलातले जड धातू, म्हणजे शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे, आपल्या अंगात ओढून साठवते. हे इतके पक्के आहे की घाण पाणी स्वच्छ करायला ती लावावी का याचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. म्हणजे गावच्या गटारीच्या तोंडाशी, कारखान्याच्या किंवा गॅरेजच्या सांडपाण्याच्या नाल्यात उगवलेली ब्राह्मी दिसायला कितीही टवटवीत असली तरी खाण्याच्या कामाची नाही. आणि आपल्या उसाचे? अॅट्राझीन, मेट्रिब्युझिन, टू-फोर-डी ही तणनाशके लागणीत सर्रास मारली जातात. फवारा सरीत मारला तरी पाणी दिले की थोडा अंश पाटाकडेला येतोच, आणि पंप धुवायला माणूस पाटावरच बसतो. बांधावरचा पाला औषध म्हणून तोडणाऱ्या घरातल्या बाईला नवऱ्याने कालच काय मारले आहे ते पुष्कळदा ठाऊकच नसते. तेव्हा पुरुष मंडळींनी एवढे करावे : फवारले की घरी सांगावे, आणि पंप पाटावर धुऊ नये.

त्यापेक्षा घरच्या कुंडीत लावणे उत्तम. त्यात अवघड काहीच नाही, उसाची लागण करणाऱ्याला तर मुळीच नाही. उसाचे जसे डोळ्याचे बेणे, तसे हिचे पेराचे बेणे. चांगल्या जागेवरून दोन-तीन पेरे असलेल्या, चार बोटे लांबीच्या काड्या आणाव्यात. पसरट कुंडीत किंवा जुन्या घमेल्यात, तळाला भोके पाडून, पोयटा माती आणि कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे भरावे. काड्या आडव्या ठेवून पेर मातीत दाबावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावल्या तर हमखास धरतात. न्हाणीच्या साबणाच्या पाण्यावर वाढवू नये; प्यायचे उरलेले पाणी घालावे. गोल पानांची असेल तर अर्धी सावली बरी, जाड पानांचीला ऊन चालते. माती सतत ओली हवी, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठवून ठेवू नये. डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतात. आठवड्यातून एक दिवस ताटली कोरडी करून पुसावी.

चार-पाच महिन्यांत पसारा भरतो. दिवाळीच्या सुमारास जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापावी. उपटू नये, खालून खोडवा फुटतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला दुसरी कापणी मिळते. काही सभासद विचारतात की एकर-दोन एकर चिबड रानात हीच लावली तर? लावता येईल, राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ अशा पिकांकडे लक्ष देते, चौकशी करावी. पण उसाची जशी गट ऑफिसात नोंद होते आणि कारखाना तो नेतो, तशी सोय या पिकाला नाही. घेणारा कोण, ओला घेणार की वाळलेला, भाव काय, हे कागदावर आल्याशिवाय रान गुंतवू नये. पाल्याच्या गाठोड्यावर बसून गिऱ्हाईकाची वाट पाहणारे शेतकरी आम्ही इतर औषधी पिकांत पाहिले आहेत.

घरच्यापुरते वाळवायचे तर धुऊन, पाणी निथळून, सावलीत सुती फडक्यावर पातळ पसरावे. उन्हात टाकले की रंग आणि वास दोन्ही जातात. हाताने चुरा होईल इतके वाळले की कोरड्या काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावावे, आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवावी : गोल पानांची की जाड पानांची, कोठली, आणि कोणत्या महिन्याची.